गाडी आहे, ड्रायव्हर आहे, मग पैसे कुठे अडकतात? छोट्या ट्रान्सपोर्टवाल्यासाठी मोबाईलचा खरा उपयोग



भिवंडी-शहापूर पट्ट्यातल्या माल वाहतुकीवर आपण व्हिडिओ केला, तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, पिकअप घेतोय, कुठलं ॲप टाकू?" नाहीतर "कुठलं जीपीएस चांगलं?" व्हिडिओत दहा मिनिटांत याचं उत्तर बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा, कारण थोडा हिशोबही करायचा आहे.

आधी आसनगावची एक गोष्ट. हा आपलाच एक दर्शक आहे. नाव सांगत नाही, कारण त्याच्या पार्टीबरोबर त्याचा व्यवहार अजून चालू आहे. याच्या दोन पिकअप. काम असं, की भिवंडीच्या गोडाऊनमधून किराणा आणि साबण-तेलाचा माल उचलायचा आणि मुरबाड, सरळगाव, किन्हवली, डोळखांब, खर्डी इथल्या दुकानांत टाकायचा. जुलै महिन्यात दोन गाड्यांच्या मिळून ४१ फेऱ्या झाल्या. महिनाअखेर बिल टाकलं. पार्टीने ३४ फेऱ्या पास केल्या आणि ७ बाजूला ठेवल्या. कारण काय? पीओडी नाही. म्हणजे माल पोचल्याची दुकानदाराच्या सही-शिक्क्याची पावती नाही. माल पोचला होता, दुकानदाराने विकूनही टाकला होता. पण कागद गाडीच्या डॅशबोर्डवर पडला आणि पावसात भिजून त्याचा लगदा झाला. दोन कागद तर ड्रायव्हरच्या शर्टाच्या खिशातून थेट धुण्यात गेले.

सरासरी भाडं ३,२०० रुपये धरलं तर सात फेऱ्यांचे २२,४०० झाले. त्याच्या एका गाडीचा हप्ता १५,५०० आहे. म्हणजे हप्ता जाऊन वर जवळपास सात हजार राहिले असते, तेवढी रक्कम कागदाच्या लगद्यात गेली.

आणि गंमत बघा, हा माणूस "टेक्नॉलॉजी न वापरणारा" नव्हता. दोनच महिन्यांपूर्वी त्याने दोन्ही गाड्यांसाठी जीपीएसचे डबे घेतले होते, सात हजारांना. गाडी कुठे आहे ते त्याला मोबाईलवर दिसत होतं. पण गाडी कुठे आहे हा त्याचा प्रश्नच नव्हता. गाडी किन्हवलीलाच असणार, दुसरीकडे जाणार कुठे?

एका फेरीचा हिशोब मांडू

छोटा ट्रान्सपोर्टवाला टेक्नॉलॉजी घेतो ती बहुतेक वेळा शेजाऱ्याने घेतली म्हणून किंवा विकायला आलेला पोरगा गोड बोलला म्हणून. आपण उलट दिशेने जाऊ. वही काढा आणि तुमच्या एका फेरीचा हिशोब मांडा. मी याच्या गाडीचा मांडून दाखवतो, तुमचे आकडे वेगळे असतील.

आसनगावहून रिकामी गाडी भिवंडीला, तिथून भरून मुरबाडला, मग परत घरी. एकूण १३२ किलोमीटर धरा. ११ चं ॲव्हरेज म्हणजे १२ लिटर डिझेल, ९० रुपयांनी १,०८० रुपये. ड्रायव्हर ७००. टोल, हमालीतला वाटा, जेवण-चहा मिळून ३५०. भाड्याच्या ३,२०० मधून हातात उरले १,०७०. महिन्याला गाडीच्या वीस-एकवीस फेऱ्या होतात, म्हणून हप्त्याचे फेरीमागे ७५५ काढा. उरले ३१५. टायर, इन्शुरन्स, गॅरेज यांचे फेरीमागे २०० तरी बाजूला ठेवायलाच हवेत. राहिले किती? ११५ रुपये.

काही जण म्हणतील, सर, मी स्वतःच गाडी चालवतो, मला ७०० वाचतात. वाचत नाहीत, ते तुम्ही कमावता. ती तुमची मजुरी आहे. धंद्याचा नफा तेवढाच, ११५.

आता एक पीओडी हरवली तर ३,२०० अडकले. ११५ रुपयांनी ते भरून काढायला किती फेऱ्या लागतील? अठ्ठावीस. एका कागदासाठी एका गाडीचा महिन्याहून जास्त धंदा. हा हिशोब मी त्याला फोनवर सांगितला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मला वाटत होतं डिझेल खातंय."

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. दोन ते पाच गाड्यांच्या धंद्यात पहिली टेक्नॉलॉजी म्हणजे पीओडीचा फोटो. जीपीएस त्याच्या बरंच नंतर येतं.

फोटो कसा काढायचा, आणि कोणी

ऐकायला सोपं वाटतं. पण व्हॉट्सॲपवर आलेले निम्मे फोटो कामाचे नसतात. अंगठा मध्ये आलेला, शिक्का अर्धा कापलेला, रात्री दुकानाच्या पिवळ्या बल्बखाली काढलेला. पार्टीचा अकाउंटंट असा फोटो परत पाठवतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

नियम एकच ठेवा: दुकानदाराच्या काउंटरवरून हलायच्या आधी फोटो. गाडीत बसल्यावर किंवा पुढच्या दुकानावर गेल्यावर नाही. कागद सपाट काउंटरवर ठेवायचा, एलआर नंबर, शिक्का, सही, तारीख हे चारही एका फोटोत वाचता आले पाहिजे. बॉक्स कमी भरले असतील किंवा फुटले असतील तर दुकानदाराने तिथेच कागदावर लिहायचं, आणि तो शेराही फोटोत आला पाहिजे. "कमी भरलं" हे भांडण तिसऱ्या दिवशी फोनवर सुरू झालं की नुकसान नेहमी ट्रान्सपोर्टवाल्याच्या माथी येतं.

मूळ कागद मात्र फेकायचा नाही. बऱ्याच पार्ट्या आजही मूळ प्रत मागतात. दहा-वीस रुपयांचं प्लास्टिकचं फोल्डर गाडीच्या सीटमागे अडकवा. हीसुद्धा टेक्नॉलॉजीच समजा.

खरी अडचण ड्रायव्हरची. तुम्ही म्हणालात, "भाऊ, प्रत्येक ठिकाणी फोटो पाठव," की त्याच्या मनात पहिली शंका येते, शेठ आपल्यावर नजर ठेवतोय. त्याचं चूक नाही. मोबाईल त्याचा, नेट त्याचं, आणि वर काम वाढलं. आपल्या आसनगाववाल्याने दोन गोष्टी केल्या. ड्रायव्हरच्या मोबाईलचा रिचार्ज स्वतः भरायला सुरुवात केली, आणि प्रत्येक व्यवस्थित फोटोमागे २० रुपये पगारात जोडले. महिन्याला वीस फेऱ्यांचे ४०० रुपये. एक पीओडी वाचली तरी आठ महिन्यांचे पैसे वसूल. त्याचा एक ड्रायव्हर जेमतेम सही करतो, पण फोटो दुसऱ्यापेक्षा चांगले काढतो, कारण घरी पोरीने शिकवलं.

कसारा घाटात, माळशेजकडे, डोळखांबच्या आतल्या गावांत रेंज जाते. त्याने घाबरायचं नाही. फोटो आधी काढून ठेवायचा, रेंज आली की आपोआप जातो. ड्रायव्हरला एवढंच सांगायचं की फोटो "गेला" का, दोन बरोबरच्या खुणा आल्या का, हे संध्याकाळी बघ.

व्हॉट्सॲप म्हणजे टपालपेटी, कपाट नव्हे

इथे बहुतेक लोक थांबतात. फोटो ग्रुपवर आला, झालं काम. मग तीन महिन्यांनी पार्टीचा फोन येतो, "अमुक एलआरची पीओडी पाठवा," आणि आपण लग्नाच्या पत्रिका आणि गुड मॉर्निंगच्या फुलांमधून वर वर सरकत बसतो. त्यात मोबाईल बदलला किंवा हरवला की सगळंच संपलं.

म्हणून रोज रात्री पंधरा मिनिटं. गुगलच्या प्रत्येक खात्यावर १५ जीबी जागा फुकट मिळते. त्यात महिन्याचं एक फोल्डर करा, आणि फोटोला एलआर नंबरचं नाव द्या. सोबत गुगल शीटवर एक तक्ता: तारीख, एलआर नंबर, गाडी, कुठून कुठे, भाडं, ॲडव्हान्स, पीओडी आली का, बिल नंबर, पैसे आले ती तारीख. एवढे रकाने पुरे. जास्त केले तर आठवड्यात कंटाळून सोडाल, हे मी खूप जणांचं पाहिलंय. हे काम घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला किंवा वहिनींना द्यायला हरकत नाही, पण फुकट नको. महिन्याचे पैसे ठरवून द्या, मग काम नीट होतं.

"पीओडी आली का" हा रकाना रिकामा दिसला की दुसऱ्याच दिवशी माणूस दुकानावर पाठवता येतो. महिनाअखेरीला गेलं तर दुकानदारालाही आठवत नाही.

या तक्त्याचा आणखी एक फायदा आहे, जो सुरुवातीला कोणाच्या लक्षात येत नाही. थांबण्याचे पैसे. भिवंडीला गाडी सकाळी नऊला लागते आणि भरून निघते दुपारी दोनला. मधले पाच तास कोणाचे? तुमचे. दुसरी फेरी गेली. हॉल्टिंग मागितलं की गोडाऊनवाला म्हणतो, "गाडी उशिरा आली होती." ज्या कॅमेरा ॲपमध्ये फोटोवरच वेळ आणि जागा छापून येते, अशा ॲपने गेटवर एक फोटो आणि निघताना एक फोटो घ्या. सोबत पडघ्याच्या टोलनाक्यावरून गेलात तर फास्टॅगच्या मेसेजमध्ये वेळ असतेच. भांडायची गरज पडत नाही, फक्त पाठवायचं. पहिल्या महिन्यात पैसे मिळतीलच असं नाही, पण तुमची गाडी आधी भरायला लागतात, हे मात्र होतं. २०२४ च्या पावसाळ्यात वासिंद-आसनगाव भागात पुलांच्या कामांमुळे महामार्गावर जी कोंडी झाली, त्या दिवसांत ज्यांच्याकडे अशा वेळा लिहिलेल्या होत्या त्यांना उशिराचं कारण नीट दाखवता आलं. बाकीच्यांच्या बिलातून उशिराचे पैसे कापले गेले.

ई-वे बिल: इथे चूक झाली तर गाडीच उभी राहते

फोटो आणि तक्ता हे तुमच्या मर्जीचं काम. ई-वे बिल मर्जीचं नाही. राज्याबाहेरच्या वाहतुकीला ते १ एप्रिल २०१८ पासून आणि महाराष्ट्राच्या आत २५ मे २०१८ पासून लागू झालं. राज्याबाहेर माल जाणार असेल तर मर्यादा ५०,००० रुपयांची. महाराष्ट्राच्या आत १ जुलै २०१८ पासून ती १ लाख आहे. त्याहून जास्त किमतीचा माल असेल तर बिल लागतं.

त्यात दोन भाग असतात. पार्ट-ए मध्ये मालाची माहिती, ते बहुधा पार्टी भरते. पार्ट-बी मध्ये गाडी नंबर. तुमचा संबंध पार्ट-बीशी. समजा कसारा घाटात गाडी बंद पडली आणि तुम्ही मित्राची गाडी बोलावून माल पलटी केला. माल नव्या गाडीत घालायच्या आधीच पार्ट-बी मध्ये नवा नंबर टाकायचा. घाईत हे राहतं आणि पुढे तपासणीत गाडी अडकते. मालाचा मालक पुढे आला तरी माल आणि गाडी सोडवायला कराच्या दुप्पट दंड लागू शकतो. ११५ रुपयांच्या नफ्यासमोर हे ठेवून बघा.

मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, आणि पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवून घेता येते. हे मोबाईलवर होतं, सायबर कॅफे शोधायची गरज नाही.

नाक्यावर एक गोष्ट सगळे छातीठोक सांगतात: "पन्नास किलोमीटरच्या आत ई-वे बिल लागत नाही." असं सरसकट नाही. ती सूट फक्त पार्ट-बी पुरती आहे, आणि तीही माल पाठवणाऱ्याकडून ट्रान्सपोर्टरच्या जागेपर्यंत किंवा ट्रान्सपोर्टरच्या जागेपासून माल घेणाऱ्यापर्यंतच्या टप्प्याला. भिवंडीच्या सूत-कापडाच्या जॉबवर्कला वेगळी सवलत आहे, त्यावरून हा गैरसमज पसरला असावा असं मला वाटतं. तुमचं काम कशात बसतं ते अकाउंटंटला एकदा विचारून घ्या.

तुमचा जीएसटी नंबर नसेल तरी ई-वे बिलाच्या पोर्टलवर नाव नोंदवून १५ अंकी ट्रान्सपोर्टर आयडी मिळतो. मोठ्या पार्टीकडे काम मागायला जाताना हा आयडी असणं आणि नसणं यात फरक पडतो.

पैसे लवकर यावेत म्हणून

उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून ऑनलाईन आणि फुकट आहे. कोणी पैसे मागत असेल तर तो एजंट आहे, सरकार नाही. वाहतूक ही सेवा असल्याने तुम्ही त्यात बसता. तुमच्या प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापा. कायदा सांगतो की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. पण खरं सांगू का, रोजच्या पार्टीवर तक्रार कोणी करत नाही, आणि मीही लगेच करा म्हणणार नाही. काम वेगळ्या कारणाने होतं. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरात असा बदल झालाय की असे पैसे वेळेत दिले नाहीत तर पार्टीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत दाखवता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की पार्टीचा सीए स्वतःच विचारतो, यात उद्यमवाले कोण कोण? तुमच्या बिलावर नंबर असेल तर तुम्ही त्या यादीत.

आणि हो, तुमच्या गाड्या दहापेक्षा जास्त नसतील तर पॅन आणि तसं लेखी दिल्यावर पार्टीने तुमचा टीडीएस कापायचा नसतो. हे पत्र वर्षाच्या सुरुवातीलाच देऊन टाका.

मग ॲप आणि जीपीएस कधी?

लोड मिळवून देणारी ॲप वाईट आहेत असं नाही. परतीचं भाडं मिळत नसेल, विशेषतः नाशिकहून रिकामं यावं लागत असेल, तर जरूर बघा. पण एक उदाहरण लक्षात ठेवा. ब्लॅकबक ही बंगळुरूची कंपनी २०१५ मध्ये ट्रकवाल्यांना लोड मिळवून द्यायला सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. तोवर तिची मुख्य कमाई लोडची राहिली नव्हती, ती फास्टॅगसारख्या पेमेंटची आणि जीपीएसची झाली होती. म्हणजे ट्रकवाला ॲपवरून लोड घेण्यापेक्षा टोल आणि ट्रॅकिंगसाठी जास्त पैसे मोजत होता. लोड मात्र अजूनही बऱ्यापैकी ओळखीवर मिळतो, आणि ओळख टिकते ती वेळेवर पीओडी दिल्याने.

जीपीएस तेव्हा घ्या, जेव्हा गाड्या पाचच्या वर जातील, ड्रायव्हर ओळखीच्या बाहेरचे असतील, किंवा पार्टीच मागेल. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. आता नागपूरकडून आलेला माल थेट भिवंडीच्या दारात उतरतो. मोठ्या कंपन्या इकडे येतील तशा अटीही येतील. त्या कंपन्या स्वतःचं ॲप तुमच्या ड्रायव्हरच्या मोबाईलमध्ये टाकायला लावतात. टाका, पण तुमचा तक्ता बंद करू नका. काम सुटलं की त्या ॲपचं लॉगिन बंद होतं, आणि तुमच्या मागच्या फेऱ्यांचा सगळा पुरावा त्यांच्याकडे राहतो.

एक सावधगिरीची गोष्ट, कारण यात पैसे गेलेले लोक मला भेटलेत. ग्रुपवर "चांगलं भाडं, लगेच लोड, आधी टोकन पाठवा" असा मेसेज आला की थांबा. लोड देणारा तुम्हाला ॲडव्हान्स देतो, तुमच्याकडून घेत नाही. दुसरं, "तुमच्या गाडीवर चलान आहे" म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाईल येते, तिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. ती उघडली की मोबाईल चोराच्या ताब्यात जातो. चलान बघायचं तर परिवहन विभागाच्या सरकारी साईटवर स्वतः जाऊन बघा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, सकाळची वाट बघू नका. हे ड्रायव्हरलाही सांगा, कारण आता फोटो पाठवायला त्याच्या हातात मोबाईल तुम्हीच दिलाय.

आता आसनगाववाल्याचं काय झालं ते सांगतो. सात पीओडींपैकी चार त्याने स्वतः मोटारसायकलवर फिरून दुकानदारांकडून पुन्हा लिहून घेतल्या. एक दिवस सरळगावला, एक दिवस किन्हवली आणि डोळखांबला गेला. ते १२,८०० रुपये दिवाळीच्या आधी आले. तीनचे पैसे गेले ते गेलेच. एक दुकानदार तर दुकान बंद करून गावी निघून गेला होता. ऑगस्टपासून त्याचा तक्ता चालू आहे, बायको लिहिते, महिन्याला दीड हजार घेते. जीपीएसचा एक डबा गाडीत आहे, दुसरा अजून कपाटात पडून आहे. तिसरी गाडी घ्यायची ठरली की तो बसवणार म्हणतोय.